गणेशखिंड ते चाकण : पदवीच्या किमतीचा इतिहास

पुणे विद्यापीठाचा इतिहास लिहिताना गणेशखिंडीतील जुन्या गव्हर्नरांच्या बंगल्याचे वर्णन येते, पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर येतात, १९४९ हे स्थापनावर्ष येते. मुळा ओलांडून पलीकडे पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, ही नोंद मात्र उद्योगाच्या इतिहासात जाते. हे दोन इतिहास वेगवेगळ्या कपाटांत राहिल्यामुळे एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला, असे आम्हांस वाटते. कारखान्यातल्या माणसाच्या मुलाला विद्यापीठात शिरता येत होते का, त्यासाठी काय मोजावे लागत होते, आणि पदवी घेऊन तो कोठे पोहोचत होता?

शिरता येत होते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. महाराष्ट्र राज्य घडण्याच्या सुमारास शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांच्या पुढाकाराने आलेली ई.बी.सी. सवलत ही त्या काळातील फार मोठी घटना होय. वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या घरातील मुलाची फी शासन भरू लागले. जातीऐवजी उत्पन्नाचा दाखला हा निकष ठरला आणि तलाठ्याच्या सहीला भलतेच महत्त्व आले, हा भाग अलाहिदा. तरी फी हाच खर्च नव्हे. खोली, खाणावळ, पुस्तके आणि मुलगा कमावत नाही तेवढ्या वर्षांची बुडालेली मिळकत, यांची भरपाई सवलतीत नव्हती. ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर पुण्यात वडिलांचा पैसा उधळतो. वाचकांनी त्यात परात्मता पाहिली. पण उधळायला शेतीचे उत्पन्न पाठीशी असावे लागते, हेही त्या कादंबरीत लिहिलेले आहे. ज्यांच्या पाठीशी ते नव्हते त्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या परंपरेतील ‘कमवा व शिका’ हाच आधार राहिला. विद्यापीठाने ही योजना पुढे कर्मवीरांच्याच नावाने चालवली.

पदवीचे पुढे काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले. भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथे कारखान्यांची रांग लागली. त्यांना कला वा वाणिज्य शाखेचा पदवीधर फारसा नको होता. त्यांना आय.टी.आय.चा फिटर, टर्नर हवा होता, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तो मिळण्याची व्यवस्थाही करून ठेवली होती. पदवीधर बँकेत, विमा कार्यालयात, शाळेत, सरकारी कचेरीत गेला. म्हणजे विद्यापीठ आणि कारखाना शेजारी असूनही एकमेकांस फारसे ओळखत नव्हते. या अनोळखीपणाला एक फायदाही होता : मराठी वा इतिहास शिकणाऱ्यास ‘याचा उपयोग काय’ असे कोणी विचारत नसे.

हे चित्र १९८३ ने बदलले. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली. शासनाकडे पैसा नव्हता आणि विद्यार्थी कर्नाटकात देणग्या भरून शिकत होते, हा युक्तिवाद खोटा नव्हता. परंतु त्या दिवसापासून प्रमाणपत्र सार्वजनिक विद्यापीठाचे आणि जागा खासगी संस्थेची, अशी विभागणी झाली. देणगी बंद करण्यासाठी १९८७ चा कायदा आला. उन्नीकृष्णन खटल्यातील १९९३ च्या निकालाने ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ हे शब्द घराघरांत पोहोचवले. २००२ च्या पै निकालाने ती योजना मोडली. आणि २००५ चा प्रसिद्ध निकाल तर ‘इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावानेच ओळखला जातो. पुढे शुल्क ठरवणे समित्यांकडे गेले. सार्वजनिक विद्यापीठाच्या इतिहासातील ही निर्णायक पाने न्यायालयात लिहिली गेली, अधिसभेत नव्हे.

१९९० नंतर कारखाने चाकणकडे सरकले. २००९ साली तेथे फोक्सवॅगनचा प्रकल्प सुरू झाला. आता पदवीधर कारखान्याच्या दारात आला, पण ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून. २०१३ ची ‘नीम’ योजना पुढे गुंडाळली गेली. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने मासिक विद्यावेतन असे ठरवले : बारावी झालेल्यास ६,००० रुपये, आय.टी.आय. वा पदविकाधारकास ८,०००, पदवीधरास १०,०००. प्रशिक्षण आधी सहा महिन्यांचे होते, नंतर अकरा महिन्यांचे झाले. पदवी आणि आय.टी.आय. यांतील अंतर शासनानेच दोन हजार रुपये मांडले आहे. यापेक्षा स्पष्ट दस्तऐवज इतिहासकाराला मिळत नाही.

त्याच वर्षी, २०२४ मध्ये, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क संपूर्ण माफ झाले. बाळासाहेब देसाईंच्या सवलतीचा हा दूरचा वारस. मात्र तो खासगी विद्यापीठांस लागू नाही, व्यवस्थापन कोट्यासही नाही. आणि या पट्ट्यात वाढते आहे ते नेमके खासगी विद्यापीठच. १८५४ पासूनचे पुण्याचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ साली स्वतंत्र सार्वजनिक विद्यापीठ झाले, ही त्याच्या उलट दिशेची, एकाकी घटना.

उरले आपण, साहित्य शिकवणारे आणि शिकणारे. अनुदानित महाविद्यालयांतूनही कित्येक अध्यापक तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशेबाने, शिकवत आहेत. सकाळी वर्गात असा अध्यापक असतो, आणि समोरच्या बाकावर दुपारच्या पाळीला चाकणला जाणारा कंत्राटी मुलगा.