दारूच्या तीन रेषा आणि काळजाचं चित्र

आमच्या घरी दखनी बोलतात. तिथे ‘कलेजा’, दाराबाहेर ‘काळीज’. शब्द मुळात यकृताचा. कवींनी तो हृदयाला बहाल केला. डॉक्टरांना असा घोळ परवडत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांना नेमकं कळावं लागतं, की स्नायूचा कुठला भाग मेला आणि कुठला रक्ताअभावी नुसता निपचित पडला आहे. निपचित भाग बायपासनंतर पुन्हा कामाला लागू शकतो. मेलेला नाही.

हे दाखवणाऱ्या एमआरआयचा एक धागा मुंबईतून जातो, हे फारसं कुणी सांगत नाही. चुंबकाच्या कह्यातली अणुकेंद्रं रेडिओलहरींना उत्तर देतात, हे १९४६ मध्ये अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी दाखवलं. (रेडिओवरून हे सांगताना मजा वाटते!) ब्लॉख यांच्या स्टॅनफर्डमध्ये एस. एस. धर्मट्टी नावाचे आपले शास्त्रज्ञ काम करीत होते. १९५१ मध्ये अरनॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या अल्कोहोलमधल्या हायड्रोजनचे तीन वेगळे संकेत प्रसिद्ध केले. म्हणजे रेणूत अणू कुठे बसला आहे, हे तो स्वतःच सांगतो. १९५३ मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून धर्मट्टी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. तिथे त्यांनी या विद्येचा गट उभा केला. त्यांनी हृदयाचं चित्र काढलं नाही, पण ही विद्या मुंबईत रुजवली.

शरीराचं चित्र पुढे आलं. ३ जुलै १९७७ रोजी डमेडियन यांनी माणसाच्या छातीचा एक छेद टिपला. जवळजवळ पाच तास लागले. आधी ते स्वतःच यंत्रात बसले होते, पण देह अंमळ मोठा, संकेतच मिळेना. मग सडपातळ सहकारी बसला. २००३ चं नोबेल मात्र लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळालं. डमेडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला.

हृदयाची खरी अडचण म्हणजे ते थांबत नाही. म्हणून कार्डिओग्रामच्या ठोक्याशी यंत्राची वेळ जुळवतात, पेशंटला थोडा वेळ श्वास रोखायला सांगतात. गॅडोलिनियमचं इंजेक्शन निरोगी स्नायूतून लवकर निघून जातं, मेलेल्या भागात रेंगाळतं. चित्रात तो भाग पांढरा दिसतो. पांढरेपणा भिंतीच्या जाडीत जितका खोल, तितकी आशा कमी, हे २००० साली पुढे आलं.

आमच्या उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये छातीत दुखलं की कार्डिओग्राम, टू-डी इको, अँजिओग्राफी हाच क्रम, आणि तो योग्यच आहे. एमआरआय सर्वांना लागत नाही. शिवाय मशीन असलं तरी हृदयाची चित्रं वाचणारा जाणकार हवा. यात क्ष-किरण नसतात. भीती धातूची. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेला तरुण नातेवाईक चुंबकाने खेचला जाऊन दगावला. पेसमेकर असेल तर आधी सांगा. २०११ पासून अमेरिकेत एमआरआयला चालणारे पेसमेकर मंजूर झाले, पण जुने सगळे तसे नाहीत.