पथविक्रेता साहाय्य, महामारीकालीन (महाराष्ट्र)

कोविड-१९च्या निर्बंधांमुळे धंदा बुडालेल्या फेरीवाले, हातगाडीवाले, पथारीवाले आणि पाटीवाल्या बायका यांना केंद्र व राज्य शासनाने दिलेली मदत. दुकानदार व लघुउद्योगांसाठीच्या योजनांचा येथे फक्त निर्देश केला आहे.

निर्बंध : २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. भाजी-फळे अत्यावश्यक ठरली. चहा, वडापाव, कपडे, खेळणी विकणाऱ्यांचा धंदा पूर्ण थांबला. राज्यात ५ जून २०२० पासून बाजारपेठा उघडल्या, त्या रस्त्याच्या एका बाजूची दुकाने आज व दुसऱ्या बाजूची उद्या, अशा पद्धतीने. हा नियम गाळा असलेल्या दुकानदाराला डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. ठराविक जागा नसलेल्या विक्रेत्याचा त्यात विचार नव्हता. एप्रिल २०२१ मधील राज्य शासनाच्या ‘ब्रेक द चेन’ आदेशांत रस्त्यावरील खाद्यविक्रेत्यांना फक्त पार्सल देण्याची मुभा मिळाली.

स्वनिधी कर्ज : केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने १ जून २०२० रोजी ‘प्रधानमंत्री स्वनिधी’ योजना सुरू केली. २४ मार्च २०२० रोजी किंवा त्यापूर्वी शहरी भागात विक्री करणाऱ्यास १०,००० रुपयांपर्यंत विनातारण खेळते भांडवल, परतफेड वर्षभरात मासिक हप्त्यांनी. वेळेवर हप्ते भरल्यास ७ टक्के व्याज-अनुदान. पहिले कर्ज फेडणाऱ्यास पुढे २०,००० व नंतर ५०,००० रुपयांची सोय झाली. मोबाइलवरून पैसे स्वीकारल्यास महिन्याला १०० रुपयांपर्यंत परतावा होता. सकाळी सावकाराकडून पैसे उचलून संध्याकाळी व्याजासह फेडणाऱ्या माणसासाठी बँकेचे दार प्रथमच उघडले, हे या योजनेचे खरे महत्त्व.

ओळख व शिफारसपत्र : मदत कोणाला मिळाली, हे मुख्यतः कागदावर ठरले. पथविक्रेता कायदा, २०१४ प्रमाणे शहराने नगर पथविक्रेता समिती नेमून विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे व विक्री प्रमाणपत्रे द्यावीत, अशी अपेक्षा आहे. हे काम अनेक शहरांत अपुरे राहिले होते. मुंबईत २०१४च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले. छाननीत पात्र ठरले ते पंधरा हजारांच्या आसपास. उरलेल्यांच्या पात्रतेबाबत महापालिका व विक्रेता संघटना यांच्यात मतभेद आहेत. स्वनिधीच्या मार्गदर्शक सूचनांनी या अडचणीतून वाट काढली. सर्वेक्षणात नाव असूनही प्रमाणपत्र न मिळालेल्यास तात्पुरते प्रमाणपत्र, तर सर्वेक्षणातून सुटलेल्यास व शहरालगतच्या गावांतून येऊन विकणाऱ्यास शिफारसपत्र देण्याची तरतूद झाली. पुरावा म्हणून विक्रेता संघटनेचे सदस्यत्व, धंद्यासाठी पूर्वी घेतलेल्या कर्जाची कागदपत्रे किंवा टाळेबंदीत शासनाकडून मिळालेल्या मदतीची नोंद चाले. यांपैकी काहीही नसल्यास साध्या कोऱ्या कागदावर अर्ज करता येई; मग पालिकेने जागेवर चौकशी करून पंधरा दिवसांत निर्णय द्यावयाचा. ही तरतूद योजनेतील सर्वांत माणुसकीची होय. पालिकेने सर्वेक्षण केले नाही, याची शिक्षा विक्रेत्याने का भोगावी, या प्रश्नाला या तरतुदीने प्रामाणिक उत्तर दिले. शेजाऱ्यांनी ‘ही बाई इथे रोज बसते’ असे सांगणे, हाही अशा चौकशीत पुरावा ठरू शकतो.

राज्याची रोख मदत : १३ एप्रिल २०२१ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्बंधांसोबत सुमारे ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात ५ लाख नोंदणीकृत फेरीवाल्यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. ‘नोंदणीकृत’ या अटीमुळे येथेही कागदच आडवा आला. शिफारसपत्रासारखी पर्यायी वाट या घोषणेत नव्हती. परवानाधारक रिक्षाचालकांनाही तेवढीच रक्कम जाहीर झाली. राज्याची सवलतीच्या दरातील शिवभोजन थाळी महिनाभर मोफत करण्यात आली.

इतर योजना : लघुउद्योगांसाठी मे २०२० मध्ये ३ लाख कोटी रुपयांची आपत्कालीन पतहमी योजना. कर्जहप्त्यांना रिझर्व्ह बँकेची १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० ही सवलत.

पुढील स्थिती : ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वनिधी योजनेस ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ दिली. पहिले कर्ज १५,००० व दुसरे २५,००० रुपयांपर्यंत वाढविले. तिसरे ५०,००० वर कायम आहे.