१९७१ ची रिकामी ओळ

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी मी अमेरिकन विद्यापीठांच्या सॉकर विजेत्यांची यादी घेऊन बसलो होतो. (त्यांच्याकडे 'फुटबॉल' म्हणजे भलताच खेळ, म्हणून इथे सॉकर म्हणतो.) हेतू काही थोर नव्हता. एक छोटा प्रोग्राम लिहून सरावासाठी आलेख काढायचे होते. प्रोग्राम एका ओळीवर अडला. साल होतं १९७१. विजेत्याच्या रकान्यात संघाचं नाव नव्हतं, विजेतेपद रद्द केल्याची नोंद होती. अंतिम सामना झाला होता, गोल झाले होते, पण कागदोपत्री कोणीच जिंकलं नव्हतं.

सवयीप्रमाणे ती ओळ वगळून पुढे जाणार होतो. वगळली नाही, कारण अशी एक ओळ माझ्या स्वतःच्या नावावरही आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

ती ओळ हॉवर्ड विद्यापीठाची. हार्वर्ड नव्हे, हॉवर्ड. वॉशिंग्टन शहरातलं हे विद्यापीठ १८६७ साली, गुलामगिरी कायद्याने संपल्यावर दोनच वर्षांनी, सुरू झालं आणि कृष्णवर्णीयांच्या उच्चशिक्षणाचं मोठं केंद्र बनलं. शाळांमधला वर्णभेद न्यायालयात हाणून पाडणारे थर्गुड मार्शल इथल्याच लॉ स्कूलचे. कॅरिबियन बेटांतून आणि आफ्रिकेतून मुलं इथे शिकायला येत, आणि येताना आपला खेळ घेऊन येत. त्यामुळे बेसबॉलवेड्या देशात या विद्यापीठाचा सॉकर संघ तगडा होता. १९६१ सालीच त्यांनी लहान कॉलेजांच्या एनएआयए या संघटनेचं विजेतेपद मिळवलं होतं.

१९७० च्या सुमारास लिंकन फिलिप्स प्रशिक्षक म्हणून आले. ते स्वतः त्रिनिदादच्या राष्ट्रीय संघाचे गोलकीपर. त्यांच्या संघात त्रिनिदाद, जमैका, नायजेरिया, गिनी अशा ठिकाणची मुलं होती. आपल्याकडे १९७१ आणि त्रिनिदाद म्हटलं की वाडेकरांचा संघ, पोर्ट ऑफ स्पेन आणि गावसकरांचं पदार्पण आठवतं. त्याच वर्षाच्या शेवटी त्याच बेटावरची काही पोरं मायामीच्या ऑरेंज बोल मैदानावर उतरली.

समोर सेंट लुईस विद्यापीठ होतं. हे त्या खेळातले दादा. १९५९ ते १९७३ या काळात दहा विजेतेपदं, त्यातलं एक विभागून. संघातली बहुतेक मुलं त्यांच्याच शहरात, चर्चच्या लीगमध्ये खेळून मोठी झालेली. आधीची लागोपाठ दोन वर्षं तेच जिंकले होते. हॉवर्डने त्यांना ३-२ ने हरवलं. पूर्ण मोसमात एकही पराभव नाही. एनसीएए या मुख्य संघटनेच्या सर्वोच्च गटात, कुठल्याही खेळात, राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारं हे पहिलं कृष्णवर्णीय विद्यापीठ.

मग चौकशी लागली. काही खेळाडू अपात्र होते असा ठपका आला. १९७१ चं विजेतेपद गेलं, १९७० चा तिसरा क्रमांकही गेला आणि १९७३ च्या मोसमाअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बंदी आली.

यातले नियम समजून घेण्यासारखे आहेत. पहिला, कॉलेजात नाव घातल्यापासून पाच वर्षांतच खेळायची मुभा. दुसरा, '१.६००' चा नियम. शाळेचे गुण आणि प्रवेश परीक्षेचे गुण एका तक्त्यात घालायचे आणि मुलाची पहिल्या वर्षाची सरासरी किती येईल याचं भाकीत काढायचं. चारपैकी १.६०० पेक्षा कमी आली तर खेळता येणार नाही. म्हणजे मुलगा प्रत्यक्षात काय शिकला यापेक्षा तो काय शिकेल हे तक्ता आधीच सांगणार. दुसऱ्या पद्धतीच्या शाळेतून, ती अमेरिकन परीक्षा न देता आलेल्या मुलाचं भाकीत निघणार कसं? तिसरा नियम फक्त परदेशी विद्यार्थ्यांसाठी. एकोणिसाव्या वाढदिवसानंतर परदेशात संघटित स्पर्धांत खेळलेलं प्रत्येक वर्ष त्याच्या कॉलेजच्या हक्काच्या वर्षांतून वजा. तेवढाच खेळलेला अमेरिकन मुलगा मात्र मोकळा.

हॉवर्ड न्यायालयात गेलं. १९७५ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने परदेशी विद्यार्थ्यांचा तो नियम घटनाबाह्य ठरवला. मुरलेल्या, वयाने मोठ्या खेळाडूंना आवर घालायचा हेतू ठीक, पण मग तो सगळ्यांनाच घाला, असा एकूण अर्थ. पण बाकीचे दोन नियम न्यायालयाने उचलून धरले. त्यामुळे एक नियम अन्यायाचा ठरूनही विजेतेपद परत आलं नाही. आणि १.६०० चा नियम? तो एनसीएएने स्वतःच १९७३ साली मोडीत काढला होता.

निकाल यायच्या आधीच संघाने आपलं उत्तर देऊन टाकलं होतं. १९७४ च्या मोसमात १९ सामने, १९ विजय, ६३ गोल केले, खाल्ले फक्त ६. अंतिम सामना पुन्हा सेंट लुईसशी, आणि तोही त्यांच्याच शहरात. एक-एक अशा बरोबरीनंतर जादा वेळ, पुन्हा जादा वेळ. चौथ्या जादा वेळेत केनेथ इलोडिग्वेने गोल मारला. २-१. हे विजेतेपद कोणी काढून घेतलं नाही. पुढे १९८८ साली हॉवर्ड पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत गेलं आणि इंडियानाकडून एका गोलने हरलं.

ही गोष्ट इथे गोड करून संपवता येते. पण १९७४ ची ओळ भरली म्हणून १९७१ ची भरत नाही. १९७१ ला खेळून पदवी घेऊन निघून गेलेली मुलं १९७४ मध्ये मैदानावर नव्हती.

आता माझी ओळ. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजने एक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली. मी खेळायला सुमारच, म्हणून फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. आमचा सेंटर बॅक डिप्लोमानंतर चाकणला कंपनीत काही वर्षं नोकरी करून, पैसे साठवून डिग्रीला आलेला. आम्ही त्याला दादा म्हणायचो. वयाच्या अटीत तो काही महिन्यांनी बसत नव्हता. मी अट वाचलीच नव्हती. चषक परत गेला. नियम चुकीचा नव्हता आणि कोणी आमच्यावर डूख धरला नव्हता. चूक माझी होती. दादा एवढंच म्हणाला, "जाऊ दे रे, मॅच तर खेळलो ना." पुढच्या वर्षी तो मैदानावर आला नाही.

मी हॉवर्ड आणि आमची बरोबरी करत नाही. त्यांच्या प्रकरणात निदान एक नियम माणूस कुठून आला हे बघून लावला होता, आमच्यात तसं काही नव्हतं. पण नोंद पुसली जाते तेव्हा ती कोणाच्या आयुष्यातून पुसली जाते, हे रकान्यात दिसत नाही, एवढं दोन्हीकडे सारखं आहे.

आलेख नंतर पूर्ण केला. १९७१ ची ओळ वगळली नाही. विजेत्याचा रकाना नियमाप्रमाणे रिकामाच ठेवला आणि शेजारी एक रकाना वाढवला: मैदानावरचा निकाल. त्यात लिहिलं, हॉवर्ड ३, सेंट लुईस २. मग बऱ्याच वर्षांनी दादाला फोन लावला.