उलट्या शब्दांची गंमत

सत्तरी ओलांडल्यावर नातवाच्या नादानं मी लिनक्सच्या काळ्या पडद्यावर छोट्या छोट्या स्क्रिप्ट लिहायला लागलो. पहिली स्क्रिप्ट पाढे विचारायची, आणि चुकलं की ‘अंगठे धर’ म्हणायची!

शिकताना एक गंमत कळली. ‘इफ’नं सुरू केलेली अट ‘फाय’नं संपवायची, ‘केस’ची ‘इसॅक’नं. म्हणजे इंग्रजीतला तोच शब्द उलटा! ही स्टीफन बोर्न यांची करणी. बेल लॅब्जमध्ये त्यांनी लिहिलेलं शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर आलं. त्याआधी केंब्रिजला ते अल्गोल ६८ या भाषेवर काम करत. तिथली ही रीत त्यांनी सोबत आणली. ‘डू’ मात्र ‘डन’नं संपतं, कारण ‘ओडी’ नावाची आज्ञा युनिक्समध्ये आधीपासूनच होती. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांचं बॅश आलं, त्यातही हे उलटे शब्द टिकले.

हे वाचलं आणि वर्गातला एक मुलगा आठवला. त्यानं वहीभर शब्द उलटे लिहिले होते. मी त्याचा कान पिळला. आदल्याच तासाला मीच फळ्यावर ‘रामाला भाला मारा’ लिहून उलटं वाचून दाखवलं होतं, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्या रात्री मी स्क्रिप्टमधली ती एक ओळ बदलली. आता चुकलं की ती ‘पुन्हा बघ बरं’ म्हणते.

असो. नातू पंधराच्या पाढ्यावर अडलाय.