मुक्त कार्यप्रणालींचे मराठीकरण

संगणकाच्या निरनिराळ्या घटकांचे नियमन करणाऱ्या व त्यावर चालणाऱ्या इतर सर्व आज्ञावलींना आधार देणाऱ्या मूलभूत आज्ञावलीसमूहास कार्यप्रणाली म्हणतात. जिचा उगमसंकेत, म्हणजे आज्ञावलीकाराने लिहिलेला मूळ मजकूर, कोणासही पाहता, बदलता व पुन्हा वितरित करता येतो, ती मुक्त कार्यप्रणाली होय. अशा प्रणालींत मराठीचे लेखन, पडद्यावरील शुद्ध दर्शन, अकारविल्हे मांडणी आणि वापरणाऱ्यास दिल्या जाणाऱ्या सूचना यांची सोय करण्याचे काम २००० च्या सुमारास सुरू झाले. ते बव्हंशी स्वयंसेवकांनी आणि काही अंशी संस्था व कंपन्या यांतील अभियंत्यांनी केले. पुणे हे या कार्याचे एक महत्त्वाचे केंद्र ठरले.

पार्श्वभूमी : प्रारंभीच्या वैयक्तिक संगणकांत प्रत्येक अक्षर आठ द्विमान अंकांत साठविले जाई व त्यामुळे एका वेळी फक्त २५६ चिन्हे उपलब्ध होत. त्यांपैकी पहिली १२८ इंग्रजी वर्णमाला, अंक, विरामचिन्हे आणि नियंत्रणसंकेत यांनी व्यापलेली असत. भारतीय लिप्यांसाठी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८० नंतरच्या दशकात ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित करण्यात आले. १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) स्थापना झाल्यावर हे काम तेथे पुढे चालू राहिले. या तंत्रावर आधारलेले पत्रक संगणकात बसविले की, डॉस कार्यप्रणालीवरील मूळच्या इंग्रजी आज्ञावलींतही देवनागरी मजकूर भरता व वाचता येई.

भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये आय. एस. १३१९४ या क्रमांकाने ‘इस्की’ हे संकेतन प्रमाणित केले. त्यात खालच्या अर्ध्या भागात इंग्रजी आणि वरच्या अर्ध्या भागात भारतीय वर्ण अशी विभागणी होती. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांतील समान वर्णांना एकच संकेतांक दिलेला होता. ‘इनस्क्रिप्ट’ हा कळफलकही याच तत्त्वावर आधारलेला असून त्यात साधारणतः स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे येतात. या योजनेत वर्ण साठवावयाचा, त्याची आकृती नव्हे, हा विचार मूलभूत होता. पुढील काळात मात्र व्यवहार नेमका उलट दिशेने गेला.

खाजगी संकेतनांचा काळ : १९९० नंतर विंडोज प्रणाली व संगणकीय अक्षरजुळणी यांचा प्रसार झाला. शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा नावांचे टंकसंच मुद्रणालयांत, कचेऱ्यांत व घरोघरी वापरले जाऊ लागले. त्यांतील पुष्कळशा टंकसंचांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसविलेल्या असत आणि कोणत्या जागी कोणती आकृती हे प्रत्येक उत्पादक आपल्या सोयीने ठरवी. पडद्यावर ‘कोळवण’ असे दिसे, पण संगणकाच्या दृष्टीने तो रोमन अक्षरांचा व चिन्हांचा एक निरर्थक समूह असे. तो टंकसंच नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला की त्याचे रूप वाचण्याजोगे उरत नसे. शब्द शोधणे, नावे अकारविल्हे लावणे, शुद्धलेखन तपासणे या गोष्टी जवळजवळ अशक्य होत्या. टंकसंचाचा उत्पादक व्यवसायातून बाहेर पडला किंवा त्याची आज्ञावली नव्या यंत्रावर चालेनाशी झाली की, तीत साठविलेला मजकूरही हाताबाहेर जाण्याचा धोका असे. त्या दशकात संगणकावर जुळविलेल्या मराठी मजकुराचा बराच भाग म्हणूनच पुढे रूपांतर केल्याखेरीज वापरण्याजोगा राहिला नाही.

युनिकोड व लिपिरचना : जगातील सर्व लिप्यांस सामावून घेणाऱ्या युनिकोड या प्रमाणाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेला होता. त्यामुळे प्रत्येक वर्णास जगभर एकच संकेतांक मिळाला, परंतु केवळ संकेतांकाने लिपी पडद्यावर उमटत नाही. ‘कि’ या अक्षरात ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनानंतर साठविली जाते, पण व्यंजनाच्या आधी काढावी लागते. जोडाक्षरांत दोन वा तीन वर्णांची मिळून एक आकृती होते. वर्णांच्या क्रमावरून योग्य आकृती निवडणारी व ती योग्य जागी ठेवणारी लिपिरचना यंत्रणा कार्यप्रणालीतच असावी लागते. विंडोज २००० या आवृत्तीत अशी यंत्रणा व देवनागरीसाठी ‘मंगल’ हा टंकसंच आला. तिच्यातील दोष दुरुस्त करणे मात्र फक्त तिच्या उत्पादकाच्याच हाती होते.

मुक्त प्रणालीतील कार्य : रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स हा कार्यप्रणालीचा गाभा उपलब्ध करून दिला. त्यांवर सामान्य वापरणाऱ्यासाठी चित्ररूप संगणक-मंच उभारणारे के. डी. ई. (१९९६) व ग्नोम (१९९७) हे प्रकल्प निघाले. ग्नोमच्या २००२ मधील दुसऱ्या मुख्य आवृत्तीत ‘पँगो’ ही लिपिरचना यंत्रणा समाविष्ट झाली व देवनागरी मजकूर सर्व खिडक्यांत, यादींत व संवादपटांत दाखविणे शक्य झाले.

भारतीय भाषांसाठी व्यंकटेश हरिहरन व प्रकाश अडवाणी यांच्या पुढाकाराने ‘इंडलिनक्स’ हा स्वयंसेवी प्रकल्प सुरू झाला. जी. करुणाकर यांनी त्याच्या तांत्रिक समन्वयाचे काम केले. या प्रकल्पाचा आरंभीचा भर हिंदीवर असला, तरी त्यातून तयार झालेली कार्यपद्धती मराठीसह इतर भाषांना उपयोगी पडली. या पद्धतीत आज्ञावलीतील प्रत्येक इंग्रजी सूचना एका धारिकेत स्वतंत्र नोंदली जाते व तिच्याखाली भाषांतर लिहिले जाते. मूळ आज्ञावलीला हात न लावता, आज्ञावलीलेखन न येणाऱ्या भाषाप्रेमी व्यक्तीसही हे काम करता येते. भाषांतराखेरीज महिन्यांची व वारांची नावे, दिनांकाची मांडणी, चलनाचे चिन्ह व वर्णक्रम यांचे एक कोष्टक प्रत्येक भाषेसाठी तयार करावे लागते.

टंकसंचांचा प्रश्न रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ ही मालिका मुक्त परवान्याखाली दिल्याने बराचसा सुटला. तिच्या देखभालीचे काम या कंपनीच्या पुणे येथील अभियंत्यांनी दीर्घकाळ केले. मराठीसाठी आरंभी वेगळा लोहित टंकसंच होता. पुढे देवनागरी वापरणाऱ्या अनेक भाषांसाठी एकच टंकसंच ठेवून, मजकुराची भाषा ओळखून आकृती बदलण्याची सोय त्यात करण्यात आली. २०११ मध्ये ही मालिका खास टंकसंचांसाठी असलेल्या मुक्त परवान्याखाली आणली गेली.

इतरत्र झालेला तत्सम प्रयत्न : स्वयंसेवकांनी कार्यप्रणाली उभारण्याची याच काळातील दुसरी एक परंपरा अमिगा संगणकाशी निगडित आहे. कमोडोर कंपनीचा हा संगणक १९८५ मध्ये बाजारात आला. चित्रे, ध्वनी व एकाच वेळी अनेक कामे करण्याची क्षमता यांसाठी तो प्रसिद्ध होता. १९९४ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, तेव्हा तिची कार्यप्रणालीही निराधार झाली. ॲरन डिगुला यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये ‘आरोस’ हा प्रकल्प सुरू झाला. अमिगाच्या कार्यप्रणालीच्या ३.१ या आवृत्तीशी सुसंगत अशी प्रणाली मूळ संकेत न वापरता नव्याने लिहावयाची, हे त्याचे उद्दिष्ट होते. इंटेल कुलातील सामान्य संगणकांवर ती चालू लागली. पुढे मूळ अमिगा यंत्रासाठीही तिची आवृत्ती निघाली. फावल्या वेळात काम करणाऱ्या हौशी आज्ञावलीकारांनी उत्पादकाच्या पश्चात ही परंपरा टिकवून धरली.

मराठीच्या दृष्टीने या उदाहरणातील एक गोष्ट लक्षणीय आहे. निरनिराळ्या भाषांतील सूचना वेगळ्या कोष्टकात ठेवण्याची सोय अमिगात १९९२ मध्येच आली होती व आरोसनेही ती स्वीकारली. परंतु मुळातील मजकूर-व्यवस्था आठ द्विमान अंकांवर आधारलेली असल्याने तिचा लाभ मुख्यतः यूरोपीय भाषांना झाला. भाषांतराची सोय असूनही देवनागरी मात्र तीत उतरू शकली नाही. उगमसंकेत खुला असणे ही भाषेच्या प्रवेशाची आवश्यक अट असली, तरी ती पुरेशी नव्हे. तिला युनिकोड व लिपिरचना यांची जोड लागते, हे यावरून दिसून येते.

मराठीचे विशिष्ट प्रश्न : देवनागरीची संगणकीय सोय प्रथमतः हिंदी डोळ्यांपुढे ठेवून झाली. त्यामुळे मराठीच्या काही गरजा मागे राहिल्या. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील ‘कोळवण खोऱ्यात’ हे दोन शब्द घेतले, तरी त्यांतील दोन प्रश्न स्पष्ट होतात. मराठी वर्णक्रमात ‘ळ’ हा वर्ण ‘ह’ नंतर येतो, तर युनिकोडच्या संकेतांकांत तो ‘ल’ नंतर लगेच आहे. केवळ संकेतांकांप्रमाणे गावांची यादी लावल्यास ‘कोळवण’ हे नाव ‘कोव’, ‘कोस’ यांनी आरंभ होणाऱ्या नावांच्या आधी येते. मराठी वाचक ते त्यांच्यानंतर शोधतो. त्यासाठी मराठीचे स्वतंत्र क्रमकोष्टक करावे लागले. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांचे स्थानही त्यात निश्चित करावे लागले.

‘खोऱ्यात’ या शब्दातील अर्धा र हा रफार नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्याचा’ व ‘आचाऱ्याचा’ या रूपांतही असाच अर्थभेद आहे. हिंदीत हा भेद नसल्याने त्यासाठी लागणारी आकृती अनेक टंकसंचांत नव्हती. शिवाय तो दर्शविण्याच्या दोन रीती युनिकोडमध्ये मान्य आहेत. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण साठवण भिन्न असल्याने एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडतोच असे नाही. इंग्रजी शब्दांसाठी मराठीत वापरला जाणारा ‘ॲ’ हा स्वर तर युनिकोडमध्ये २००८ मधील ५.१ या आवृत्तीतच स्वतंत्रपणे दाखल झाला. तोपर्यंत तो ‘अ’ व चंद्र असे दोन भाग जोडून लिहावा लागे व काही प्रणालींत चंद्राखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांचा पुरस्कार केला. भाषेनुसार आकृती बदलणाऱ्या टंकसंचांमुळे ती वळणे वापरता येऊ लागली.

या त्रुटी वापरणाऱ्यांनी नोंदवाव्यात, कोणी तरी त्या दुरुस्त कराव्यात व पुढील आवृत्तीत त्या सर्वांना मिळाव्यात, ही मुक्त प्रणालींची रीत होय. एका अर्ध्या रकारासाठी एखादी मोठी कंपनी आपल्या आवृत्तीचे वेळापत्रक बदलेलच असे नाही. ज्यास त्याची गरज आहे त्यालाच तो दुरुस्त करण्याची मुभा असणे, हा मराठीसारख्या भाषेचा खरा लाभ ठरला.

परिभाषा : भाषांतरात सर्वांत अधिक मतभेद शब्दांविषयी झाले. एकाच पडद्यावर ‘फाइल’, ‘धारिका’ व ‘संचिका’ असे तीन शब्द तीन भाषांतरकारांनी वापरल्याची उदाहरणे घडणे स्वाभाविक होते. मजकूर ‘जतन करा’ की ‘साठवा’, याविषयीही एकमत नव्हते. भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांतील पुष्कळसे शब्द शासनव्यवहारासाठी घडविलेले असल्याने पडद्यावरील अरुंद जागेत ते नेहमीच बसत नसत. यावर उपाय म्हणून २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्युएल’ या उपक्रमात वारंवार येणाऱ्या सूचनांची यादी करून प्रत्येक भाषेतील जाणकारांच्या चर्चेने प्रतिशब्द निश्चित करण्याची पद्धत अवलंबिण्यात आली व तिचा लाभ मराठीसही मिळाला. लिबरऑफिस, फायरफॉक्स इ. मुक्त आज्ञावलींच्या मराठी आवृत्त्याही तयार झाल्या.

शासकीय प्रयत्न : सी-डॅकने डेबियन या मुक्त प्रणालीवर आधारलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणाली २००७ मध्ये प्रसृत केली. तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. स्वयंसेवकांनी तयार केलेली भाषांतरे व लिपिरचना यंत्रणा अशा प्रणालींस आयत्या उपलब्ध झाल्या. शासकीय आश्रयामुळे त्यांना कचेऱ्या व शाळा यांत वाट मिळाली.

परिणाम व मर्यादा : मुक्त प्रणालींसाठी विकसित झालेली ‘हार्फबझ’ ही लिपिरचना यंत्रणा पुढे अँड्रॉइड भ्रमणध्वनी व प्रमुख जालदर्शक यांत स्वीकारली गेली. परिणामी ज्यांनी लिनक्सचे नावही ऐकलेले नाही, अशा कोट्यवधी लोकांपर्यंत या कामाचे फळ पोहोचले. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा महाजालावरून मिळू लागला. अशा उताऱ्यातील खातेदाराचे नाव व गावाचे नाव यांचे लेखन अचूक असणे ही केवळ सौंदर्याची बाब नसून तीवर माणसाचे हक्क अवलंबून असतात.

या कार्याची मुख्य मर्यादा म्हणजे ते कधीच पूर्ण होत नाही. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते व तीत जुन्या सूचना बदलतात, नव्यांची भर पडते. ज्या भाषेत किमान ८० टक्के सूचनांचे भाषांतर झालेले असते तिचीच गणना पूर्णतः उपलब्ध भाषांत होत आली आहे. भाषांतरकारांची संख्या घटली की न बदललेल्या सूचना पुन्हा इंग्रजीत दिसू लागतात आणि काही वर्षांतच मराठी पडद्याचे रूप संमिश्र होते. विकत घेतलेली सोय उत्पादकाबरोबर नाहीशी होऊ शकते. मुक्त प्रणालीतील सोय तशी नाहीशी होत नाही, पण दुर्लक्षाने ती जुनी होते. खाजगी टंकसंचांच्या काळात मजकूर गमावण्याचे जे भय होते ते युनिकोडमुळे दूर झाले आहे. मराठीतून संगणक वापरण्याची सोय मात्र तिचा नित्य सांभाळ करणाऱ्या थोड्या लोकांवर अवलंबून राहते.