गाठ पाठीमागे असते

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की गल्लीतलं छोटं खासगी इस्पितळ डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेत ते वेगळं: स्वतःचं स्वतः करता न येणारी म्हातारी माणसं जिथं वर्षानुवर्षं, पुष्कळदा शेवटपर्यंत राहतात ती जागा. 1980च्या दशकात तिथल्या दर दहा जणांपैकी सुमारे चौघांना बांधून ठेवत. छातीवरून जाकिटासारखं कापड, त्याचे बंद चाकांच्या खुर्चीमागे नेलेले, आणि गाठ अशा जागी की बसलेल्याचा हात तिथवर पोचू नये. हे सगळं ‘पडू नयेत म्हणून’ चाले. बांधणारे दुष्ट होते असंही नाही. म्हणूनच ही गाठ नुसत्या दयेनं सुटणारी नव्हती. रहिवाशाचा हक्क कायद्यात आला, तेव्हा ती सुटू लागली.

1965 मध्ये मेडिकेअर (वृद्धांसाठी) आणि मेडिकेड (गरिबांसाठी) या सरकारी आरोग्य योजना आल्यावर या घरांकडे सरकारी पैसा वाहू लागला, पण तपासणी बरीचशी इमारत आणि कागदपत्रं यांभोवतीच फिरत राहिली. 1975 मध्ये एल्मा होल्डर यांनी सुधारणेसाठी राष्ट्रीय आघाडी उभारली. या आघाडीनं 1985 मध्ये 15 शहरांतल्या 400 हून अधिक रहिवाशांनाच विचारलं, की चांगली काळजी तुम्ही कशाला म्हणता? मला हा प्रश्न साऱ्या चळवळीचा कणा वाटतो. तोवर उत्तरं डॉक्टर, मालक आणि अधिकारी देत होते. रहिवासी बोलले ते कर्मचाऱ्यांच्या वागण्याबद्दल, आपल्या मर्जीला मिळणाऱ्या किमतीबद्दल. पुढं डिसेंबर 1987 मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानं शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणाला बांधायला आणि औषधानं गुंगवायलाही मनाई केली.

मोकळं सोडलं तर पडतील, हाडं मोडतील, हा आक्षेप खरा काळजीपोटीच होता. पण बांधलेला माणूस सुटायला धडपडतो. काहींचा त्याच बंदांत जीव गुदमरला. बसून बसून पायांतलं बळ जातं, पाठीला जखमा होतात. पुढं बांधलेल्यांचं प्रमाण 3 टक्क्यांच्याही खाली आलं. गुंगीच्या औषधांचं मात्र तसं झालं नाही, आणि कायदा कागदावर राहतो म्हणणाऱ्यांचा मुद्दा इथं मान्यच करावा लागतो. कायद्याला आत येऊन पाहणारे डोळे लागतात. 1978 पासून प्रत्येक राज्यात या घरांसाठी लोकपाल नेमणं सक्तीचं आहे; तो खाटेपाशी बसून तक्रार ऐकतो. मार्च 2020 मध्ये कोविडमुळं या घरांची दारं नातेवाइकांना बंद झाली, आणि बहुतेक ठिकाणी लोकपालालाही.