न्याहारीच्या वेळचा आवाज : टेरी वोगन

कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आला, की तो संप, वेतन किंवा कायदा यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असते. आज आम्ही बोलणार आहोत ते लंडनच्या नभोवाणीवर सकाळी गाणी लावणाऱ्या एका आयरिश निवेदकाविषयी. आपल्याला याचे नवल वाटणे साहजिक आहे. म्हणून कारण आधीच सांगून टाकतो.

गेली तीस वर्षे आम्ही सकाळच्या पाळीच्या आधी कारखान्यांच्या दारांवर भाषणे करीत आलो आहोत. पावणेसात वाजता हातात डबा घेऊन आत जाणारा माणूस किती ऐकतो आणि किती ऐकल्यासारखे करतो, हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. त्याच वेळी, तशाच घाईत असलेल्या माणसांशी टेरी वोगन नावाचा गृहस्थ दोन खेपांत मिळून सुमारे एकोणतीस वर्षे बोलत होता, आणि लोक खरोखरच त्याचे ऐकत होते. त्याला हे कसे साधले आणि काय साधले नाही, हे आम्ही मुख्यतः आमच्याच गरजेपोटी शोधू लागलो. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

मायकेल टेरेन्स वोगन याचा जन्म ३ ऑगस्ट १९३८ रोजी आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. वडील वाणसामानाच्या एका चांगल्या दुकानाचे व्यवस्थापक होते. शाळा जेझुइट पाद्र्यांची. मुलगा पंधरा वर्षांचा असताना वडिलांना बढती मिळाली आणि कुटुंब डब्लिनला आले. शाळा संपल्यावर पोरगा रॉयल बँक ऑफ आयर्लंडमध्ये कारकून म्हणून चिकटला. नोटा मोजण्याचे हे काम त्याने काही वर्षे केले. पुढे आयरिश नभोवाणीला निवेदक हवे असल्याची जाहिरात त्याने वर्तमानपत्रात वाचली, अर्ज केला आणि त्याची निवड झाली. बातम्या वाचण्यापासून त्याची सुरुवात झाली.

त्या काळचे आयर्लंड कसे होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. लोकवस्ती जेमतेम तीस लाखांच्या आसपास, आणि १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत त्यातून सुमारे ४ लाख माणसे देश सोडून गेली. बहुतेक इंग्लंडात गेली. रस्ते, बोगदे, इमारती यांच्या कामांवर पुरुष आणि इस्पितळांत परिचारिका म्हणून मुली. कोकणातला चाकरमानी ज्या ओढीने आणि ज्या नाइलाजाने मुंबईच्या गिरणीत आला, तीच ओढ आणि तोच नाइलाज येथेही होता. वोगन हा फावडे घेऊन गेलेला मजूर नव्हे, हे खरे. तो पांढरपेशा होता आणि विमानाने गेला. परंतु इंग्लंडात पाऊल ठेवताच त्याच्या बोलण्याचे वळण त्या ४ लाखांच्या बोलण्याशीच जुळणारे होते, आणि या कथेत त्याला फार महत्त्व आहे.

१९६७ साली डब्लिनच्या दूरचित्रवाणीवरचा त्याचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम बंद झाला. बीबीसीकडे त्याने नमुन्याची एक ध्वनिफीत पाठविली होती. ती मागे गुंडाळून घेण्याचेही त्याला भान राहिले नव्हते. ज्या अधिकाऱ्याच्या हाती ती पडली, त्याने कंटाळा न करता स्वतः ती गुंडाळून ऐकली, अशी हकीकत आहे. एका माणसाने आळस केला असता, तर आजचे हे व्याख्यान झाले नसते! प्रथम रात्रीच्या एका कार्यक्रमासाठी तो दर आठवड्याला डब्लिनहून लंडनला ये-जा करी. १९६९ च्या जुलैत जिमी यंग या नामांकित निवेदकाच्या सुट्टीत बदली म्हणून बसला, ते काम लोकांना आवडले आणि त्याला रोजची वेळ मिळाली. एप्रिल १९७२ मध्ये रेडिओ टू या केंद्रावरचा सकाळचा कार्यक्रम त्याच्याकडे आला.

ती सकाळ कोणत्या इंग्लंडची होती? कोळसा खाणीतील कामगारांचा सात आठवड्यांचा संप नुकताच, फेब्रुवारीअखेर, मिटला होता. त्या संपात घरोघर दिवे गेले होते. पुढे १ जानेवारी १९७४ पासून सरकारने कारखान्यांना आठवड्यातून तीनच दिवस वीज देण्याचे ठरविले आणि ही व्यवस्था मार्चपर्यंत चालली. सकाळी दूरचित्रवाणी नव्हतीच. बीबीसीचा पहिला प्रभातकालीन चित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला तो थेट १७ जानेवारी १९८३ रोजी. तोवर चहा उकळताना, दाढी करताना, मुलांची तयारी करताना घरात येणारा परका आवाज एकच, नभोवाणीचा. ट्रान्झिस्टर आल्यापासून तो आवाज दिवाणखान्यातून उठून स्वयंपाकघरात आला होता.

वोगनच्या कार्यक्रमात होते तरी काय? गाणी, हवामान, वाहतुकीची खबर, घोड्यांच्या शर्यतीतला एखादा अंदाज, आणि मधल्या वेळात त्याचे बोलणे. हे बोलणे तो लिहून आणीत नसे. आदल्या रात्री लोकांनी पाहिलेल्या ‘डॅलस’ नावाच्या अमेरिकन मालिकेची टर उडवावी, वरिष्ठांची थट्टा करावी, स्वतःच्या सुटलेल्या पोटाची त्याहून अधिक करावी, असा प्रकार. आणि श्रोत्यांची पत्रे. ही पत्रे लिहिणारी माणसे मोठी खट्याळ होती. खोटी, द्व्यर्थी नावे घेऊन ती लिहीत, वोगनची टिंगल करीत, आणि वोगन ती टिंगल मोठ्याने वाचून दाखवी. पुढे या उतारवयाच्या श्रोत्यांनी ‘टॉग्ज’ या नावाने आपली एक बिरादरीच केली. कार्यक्रमाचा निम्मा मजकूर श्रोतेच पुरवीत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

तुमचे श्रोते किती, असे त्याला विचारीत. पुढेपुढे तो आकडा ८० लाखांच्या घरात गेला होता. वोगनचे उत्तर ठरलेले असे: एक. आपण एकाच माणसाशी बोलतो आहोत, असेच तो धरून चाले. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा नटाची लकब म्हणून सोडून दिले. त्याचा अर्थ आम्हांला उशिरा कळला, तो पुढे सांगतो.

त्याआधी एका हिशेबाकडे लक्ष वेधणे आमचे कर्तव्य आहे. सकाळी आवाज एकाचा ऐकू येतो, पण त्यामागे राबणारे हात पुष्कळांचे असतात. ब्रिटिश नभोवाणीवर १९८८ पर्यंत ‘नीडल टाइम’ नावाची मर्यादा होती. म्हणजे तबकडीवर सुई रोज किती वेळ फिरवायची, हे ठरलेले असे. दिवसभर तबकड्याच वाजल्या तर जिवंत वादकाने खावे काय, असा वादकांच्या संघटनेचा सवाल होता. त्यामुळे बीबीसीला पगारी वाद्यवृंद ठेवावे लागत. १९८० साली त्यांतले पाच बंद करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जूनमध्ये वादकांनी संप पुकारला, आणि ‘प्रॉम्स’ या प्रख्यात संगीतोत्सवाचे सुरुवातीचे कार्यक्रम रद्द करावे लागले. काही वाद्यवृंद वाचले, काही गेले. वोगनच्या मानधनाचा आकडा २००६ मध्ये वर्तमानपत्रांत फुटला, तो वर्षाला सुमारे ८ लाख पौंडांचा होता. मुलांच्या मदतीसाठी १९८० पासून तो ज्या निधिसंकलनाचे सूत्रसंचालन करी, त्याबद्दलही बीबीसी त्याला मानधन देत असल्याचे २००७ मध्ये उघड झाले. आपण ते मागितले नव्हते, फुकटही काम केले असते, असे तो म्हणाला. आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवतो. पण ज्या संस्थेला वादक परवडत नाहीत तिला हे कसे परवडते, हा प्रश्न संघटनेचा माणूस विचारणारच.

आता मुख्य गोष्ट. २१ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री बर्मिंगहॅम शहरातील दोन मद्यगृहांत बाँबस्फोट झाले आणि २१ माणसे प्राणास मुकली. संशय आयरिश रिपब्लिकन सेनेवर होता, पण राग निघाला तो सरसकट आयरिश माणसावर. मिडलंड्स भागातल्या अनेक कारखान्यांत निषेध म्हणून काम बंद झाले. विमानतळांवरच्या कामगारांनी आयर्लंडला जाणारी विमाने हाताळण्याचे नाकारले. श्रोतेहो, हे करणारे कामगार होते, हे सांगताना आमची मान खाली जाते. २९ नोव्हेंबरला, म्हणजे आठवडाभरात, नवा कायदा झाला, आणि आरोप न ठेवता सात दिवसांपर्यंत अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. सहा आयरिश माणसांना १९७५ मध्ये जन्मठेप झाली. ती निरपराध होती. १४ मार्च १९९१ रोजी ती सुटली, तोवर सोळा वर्षे गेली होती.

आणि या काळात, १९८४ च्या अखेरीपर्यंत, रोज सकाळी इंग्लंडच्या स्वयंपाकघरांत लिमरिकचा एक माणूस बोलत होता. त्याने आपले बोलण्याचे वळण लपविले नाही. त्यावर प्रवचनही केले नाही. हवामान सांगितले, पत्रे वाचली, थट्टा केली. ज्या बाईने शेजारच्या आयरिश कुटुंबाशी बोलणे टाकले होते, तिच्याही घरात तो आवाज चहाबरोबर येत होता, आणि तिने तो बंद केला नाही. या आवाजाने त्या सहांपैकी एकालाही सोडविले नाही. त्यांना सोडविले ते त्यांच्या घरच्यांनी, चिकट पत्रकारांनी आणि वकिलांनी, वर्षानुवर्षे दारे ठोठावून. परंतु एका सबंध जमातीविषयी मन विटले असताना, त्या जमातीतला निदान एक माणूस लाखो घरांत आपला राहिला, याची किंमत किती?

हा प्रश्न आम्हांला मुंबईने शिकविला. जानेवारी १९९३ च्या दंगलीनंतरची गोष्ट. आम्ही चळवळीत नवे होतो. पूर्व उपनगरातल्या एका कारखान्यात रत्नागिरीकडचा एक मुसलमान टर्नर होता. तो तीन आठवडे कामावर आला नाही. आम्ही दारावर एकजुटीवर भाषणे केली, घोषणा दिल्या, टाळ्याही मिळाल्या. तो आला नाही. तेथे एक वयस्क फिटर होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. ते रविवारी त्याच्या घरी गेले. नंतर आम्ही त्यांना विचारले, तात्या, तुम्ही त्याला काय सांगितलेत? म्हणाले, “काय सांगायचंय? म्हटलं, तुझ्या लेथवर दुसरा बसवलाय, त्याला काही जॉब जमत नाही. उद्या पहिल्या पाळीला ये. मी नाक्यावर थांबतो.” सोमवारी दोघे बरोबर दारातून आत आले. आम्ही हजारांशी बोललो होतो. तात्या एकाशी बोलले होते.

वोगनचे उत्तर आम्हांला कळले ते असे, पुष्कळ वर्षांनी.

त्याची राहिलेली कहाणी थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९८४ मध्ये त्याने सकाळ सोडली. १९८५ पासून आठवड्यातून तीन संध्याकाळी तो दूरचित्रवाणीवर नामवंतांच्या मुलाखती घेई. १९९२ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला, आणि जानेवारी १९९३ मध्ये तो पुन्हा सकाळच्या नभोवाणीवर आला. दुसरी खेप पहिलीहून मोठी ठरली. २००५ साली त्याला सन्मान जाहीर झाला; आयरिश माणूस म्हणून तो मानद होता, पण ब्रिटिश नागरिकत्वाचाही आपला हक्क सांगून तो ‘सर’ झाला. दोन्ही देश त्याने ठेवले, एकही टाकला नाही. १८ डिसेंबर २००९ रोजी त्याने सकाळच्या श्रोत्यांचा निरोप घेतला. पुढे काही वर्षे तो रविवारी बोलत राहिला. ३१ जानेवारी २०१६ रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले, आणि त्याच वर्षी रेडिओ टूच्या लंडनमधील इमारतीला त्याचे नाव देण्यात आले.

या आवाजाने कोणाचे वेतन वाढले नाही, कोणता कायदा बदलला नाही. ती कामे संघटनेचीच आहेत, आणि ती गोड बोलून होत नाहीत. पण ज्याला आपण परका समजतो त्याच्या बाजूने उद्या हात वर करायचा, तर आदल्या दिवशी त्याचा आवाज आपल्या घरात आलेला असावा लागतो. वोगनने तेवढे केले, रोज, न चुकता, न्याहारीच्या वेळी.

आजही आम्ही कारखान्याच्या दारावर ध्वनिक्षेपक घेऊन जातो. परंतु हल्ली अर्धा तास आधी पोहोचतो, समोरच्या टपरीवर चहा घेतो आणि जो कोणी शेजारी उभा असेल त्याला विचारतो, काय, आज कोणती पाळी? भाषण त्यानंतर.